नाव न घ्यायचा देश

“तुमच्या देशाचं नाव घेतलं, तर नेमकं काय होतं?”

अंजनानं हे पाहुण्यांना विचारलं इंग्रजीत, तेही पंगत ऐन भरात असताना, हातात रश्श्याची पळी धरून. पाहुण्यांच्या देशाचं नाव घ्यायचं नाही, एवढं तिच्या तोंडून निसटलं होतं; त्यावरनं काल, शनिवारी, शाळा सुटल्यावर इस्लामपूरच्या स्टँडवर वर्गातल्या शालू आणि मंगलनं तिला डिवचलं होतं. दुभाषी झालीस म्हणून नाक वर करून फिरतेस ना, मग एवढं एक विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल, असं त्यांचं म्हणणं. अंजनानं वाक्य नऊ वेळा घोकलं होतं. व्याकरण चुकू नये म्हणून एकदा गोठ्यात म्हशीपुढंही म्हणून पाहिलं होतं. म्हशीनं हरकत घेतली नव्हती.

आबांनी घेतली. पंगतीला इंग्रजी कळणारे तेवढे तेच. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात अठरा वर्षं काढलेली. तोंडाशी नेलेला घास तिथंच थांबला आणि त्यांनी लेकीकडं असं पाहिलं, की दुसरी एखादी असती तर पळी टाकून चुलीमागं पळाली असती. पण अंजनाला आता पळणं जमत नव्हतं. परवा कारखान्याच्या बेणेमळ्यात चाळीस शेतकऱ्यांपुढं उभं राहून तिनं याच पाहुण्यांचं, लिनसाहेबांचं, बोलणं मराठीत सांगितलं होतं. उसाच्या बेण्याच्या कांड्या पन्नास अंशाच्या गरम पाण्यात दोन तास ठेवायच्या, मिनिटभरही कमी नाही, म्हणजे काणीचा रोग मरतो. कुणीतरी मागून म्हणालं, आमच्या अंगुळीला एवढं पाणी तापत न्हाई. सगळे हसले, आणि अंजनानं ते हसणंसुद्धा इंग्रजीत करून साहेबांना दिलं. साहेबही हसले. तेव्हापासून तिची मान जी ताठ झाली होती, ती अजून खाली आली नव्हती.

लिनसाहेबांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. गोल चष्मा, पन्नाशीच्या आसपासचं वय, तीन दिवसांत एका हातानं भाकरी मोडायला शिकलेली बोटं. ते शांतपणे म्हणाले, “मला काही होत नाही. म्हणणाऱ्याला होतं.”

“काय म्हनतोय त्यो?” नानांनी विचारलं.

नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ कृष्णात, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. त्यांच्या शेजारीच पाहुण्यांचं पान मांडलं होतं, कारण नानांना पाहुणा आवडला होता. आणि आवडायचं कारण असं, की पाहुणा नेपाळचा आहे असं आबांनी त्यांना सांगितलं होतं.

हे खोटं होतं. ते घरात तिघांनाच माहीत होतं: आबा, आई आणि अंजना.

त्याचं असं झालं. दोन वर्षं उसावर काणीनं धुमाकूळ घातला होता. शेंड्यातून काळा चाबूक निघायचा आणि अख्खा फड वाया जायचा. समुद्रापलीकडच्या एका बेटावर या रोगाचा बंदोबस्त करणारा माणूस आहे, आणि तो हिंडायला म्हणून हिंदुस्थानात आलाय, हे चेअरमनसाहेबांच्या कानावर आलं. त्यांनी आबांना बोलावून घेतलं. बोलावणं झालं खासगीत, आणि सांगणं झालं त्याहून खासगीत. आपल्या सरकारनं याच वर्षी, पंधरा वर्षांनी, चीनमध्ये पेकिंगला राजदूत धाडलाय. पेकिंगवाले म्हणतात ते बेट आमचं, त्याला कुणी देश म्हटलं की त्यांना राग येतो. आणि पेकिंगला राग आला की दिल्लीला घाम फुटतो. तेव्हा माणूस येऊ दे, काम होऊ दे, पण कागदावर कारखान्याला तो आल्याचं माहीत नको. गेस्टहाउसच्या रजिस्टरात नोंद नाही, फलक नाही, हार नाही, फोटो नाही, आणि देशाचं नाव तर कुणाच्याच तोंडून नाही. पाहुणा तुमच्या घरचा, हंबीरराव. त्यात आणीबाणीचे दिवस. आबांनी मान हलवली आणि घरी येऊन सांगितलं, नेपाळचे आहेत.

आता हे खोटं दुसऱ्या कुठल्याही गावात खपलं असतं. पण हिंगणवाडीत घरटी एक माणूस फौजेत, आणि त्यातले निम्मे गुरख्यांच्या पलटणीशेजारी तंबू ठोकून राहिलेले. आबा स्वतः कधी भरती झाले नाहीत, म्हणूनच त्यांना हे सुचलं.

नानांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं याची अंजना जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात सोप्याच्या पायरीवर चपला वाजल्या. रिटायर सुभेदार भाऊसो मिशांना पीळ देत आत आले. गावात नेपाळी पाहुणा आलाय आणि आपण भेटलो नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. ते थेट लिनसाहेबांपुढं उभे राहिले, कडक सलाम ठोकला आणि मोठ्यानं गोरखालीत खुशाली विचारली, “कस्तो छ दाइ, सन्चै?”

लिनसाहेबांनी भाऊसोंकडं पाहिलं, मग अंजनाकडं, मग पानातल्या रश्श्याकडं.

भाऊसोंनी पुन्हा विचारलं, जरा सावकाश. बहिऱ्या माणसाला विचारतात तसं. मग आणखी एक वाक्य टाकलं, आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे पाहून ते नानांकडं वळले. “किस्नात, ह्यो गोरखाली न्हवं गड्या. ह्याला आय-बा सुदीक म्हाईत न्हाई त्यातलं.”

नाना पाहुण्यांचा चेहरा बघत होते. तीन दिवस बघत होतेच, पण आता वेगळं बघत होते. डोळ्यांच्या कडा, गालाची हाडं, बोटं. आणि मग त्यांनी हळूच हात मागं घेतला आणि भरल्या पानावरून उठले.

परातीशेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोच्या, चंद्राकाकीच्या, तोंडातून नुसता श्वास निघाला. नाना सहा-सात महिने चिन्यांच्या कैदेत होते, बासष्ट सालच्या लढाईनंतर. तिथून आले ते डाव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून. तेव्हापासून त्यांच्या पानात कधी शीत राहिलं नव्हतं. ताट धुवायचं काम पडू नये असं ते पुसून खायचे. त्याच माणसाची अर्धी भाकरी आज रश्श्यात भिजत पडली होती.

भाऊसोंना आपण काय करून बसलो ते कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं. चंद्राकाकीनं त्यांच्या हातावर गूळ ठेवला, तो घेऊन ते पायरीवर बसून राहिले.

---

अंगणात दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले. अंजना मागोमाग गेली. मोठ्यांच्या बोलण्यात पोरीनं जायचं नसतं वगैरे तिला माहीत होतं, पण इथं दुभाष्याची गरज पडणार हेही तिला दिसत होतं. तिच्या मागून राहीआत्या आली. ती नाना आणि आबा दोघांहून थोरली, कोरेगावला दिलेली, चार दिवस माहेरपणाला आलेली आणि कुठलंही भांडण चुकवून झोपणाऱ्यातली नव्हे.

नाना ओरडले नाहीत. त्यामुळं ऐकायला जास्त वाईट वाटलं.

“चिना हाय ना त्यो?”

आबा म्हणाले, तसं नाही, नाना, म्हणजे आहे, पण तसला नाही.

“आन तू त्याला माज्या मांडीला मांडी लावून बसवलास. माज्या डोळ्याम्होरं किती जणं गेली, तुला ठावं हाय. त्यांची नावं अजून झोपंत घेतो म्हनं मी, तुजी वहिनी सांगती. पर त्ये ऱ्हाऊ दे. त्यो कोनबी असंल. तू मला खोटं सांगितलंस, हंब्या. सख्ख्या भावाला.”

आबांनी नोकरीचं सांगितलं, चेअरमनसाहेबांचं सांगितलं, दिल्लीचं सांगितलं. नानांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाहुणा दिवस मावळायच्या आत जाईल, नाहीतर माझी चूल वेगळी. वाटणीचा शब्द तीस वर्षांत या अंगणात निघाला नव्हता. विहिरीच्या पाण्यावरनं, बैलांवरनं, अगदी कारखान्याच्या शेअरवरनं भांडणं झाली, पण तो शब्द नाही. आबांचा चेहरा उतरला.

“नाना,” अंजना मधे पडली, “त्यो त्यांच्यातला न्हाई.”

“तू गप.”

“मी गप बसले तर तुमाला सांगनार कोन? आबा तर नेपाळ सांगत्यात.”

राहीआत्यानं पदर तोंडावर धरला. हसू आवरायला, दुसरं काही नाही.

मग अंजनानं सांगितलं, भरभर, जमेल तसं. सत्तावीस वर्षांपूर्वी चिन्यांची आपापसांत लढाई झाली. हरलेले समुद्र ओलांडून बेटावर गेले, जिंकलेले मोठ्या मुलखात राहिले. दोघंही म्हणतात, खरं सरकार आमचं, दुसरा तोतया. ज्यांनी नानांना धरलं ते मोठ्या मुलखातले. लिनसाहेब बेटावरचे. त्या दोघांत टपालसुद्धा जात नाही. आणि आपल्या सरकारनं मोठ्याशी सोयरीक केली, म्हणून धाकट्याचं नाव घ्यायचं नाही. काम मात्र करून घ्यायचं.

“हात्तिच्या,” राहीआत्या म्हणाली. “म्हंजी एक कुकू आन दोन सवती. एकीच्या घरी वाजत गाजत जायाचं, आन दुसरीच्या मागल्या दारानं. ह्यात दिल्लीनं नवं काय केलं?”

“आत्या, तसं न्हाई—”

“तसंच हाय. आन नावाचं काय घिऊन बसलाय? चाळीस वर्सं मी आमच्या मालकांचं नाव घेतलं न्हाई. आमचं ह्ये, एवढंच म्हनती. कोरेगावच्या बाजारात कोन चुकलंय का मंग? समद्यांस्नी ठावं हाय मी कुनाची. नाव न घेता घर चालतं, हंबीर. पर भावाला खोटं सांगून चालत न्हाई. त्ये तुजं चुकलं.”

आबांनी खाली पाहिलं. नानांनी चुलीचा विषय पुढं वाढवला नाही. ते गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि डावा पाय जरा सैल सोडला.

तेवढ्यात लिनसाहेब दारात आले. हात धुतलेले, चष्मा हातात. त्यांनी अंजनाला विचारलं, मी काही चुकीचं खाल्लं का, किंवा चुकीच्या जागी बसलो का? आबांनी मान हलवून खुणावलं, सांगू नको. ती खूण अंजनानं नीट पाहिली आणि नीट बाजूला ठेवली. तिनं सगळं सांगितलं. नेपाळ सांगितलं, बर्फ सांगितला, पायाची बोटं सांगितली, कैद सांगितली. एखादा शब्द अडला की हातानं दाखवला.

लिनसाहेब ऐकत गेले तसे बारीक होत गेले. मग त्यांनी नानांकडं पाहून इतक्या हळू काहीतरी विचारलं, की अंजनाला ते पुन्हा विचारून घ्यावं लागलं.

“नाना, ते इचारत्यात, तुमी जित्ते हाय ह्ये घरच्यांना कसं कळलं?”

नानांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. ते काही बोलायच्या आत सोप्यावर उभी असलेली चंद्राकाकी आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मळका, चौघडी पडलेला पुठ्ठा होता. रेडक्रॉसचं कार्ड. त्यावर नानांच्या अक्षरात दोन ओळी: मी खुशाल आहे. बैल विकू नका.

काकी कधी परक्या पुरुषासमोर बोलत नसे. आज बोलली. अंजनाकडं बघत, पण पाहुण्यांसाठी.

“सांग त्यास्नी. दिवाळीच्या टायमाला तार आली, बेपत्ता म्हनून. मार्गशीर्षात भावकीतल्या बाया आल्या, मंगळसूत्र उतरवाया. ह्या वन्संनी दारात बसकन मारली. म्हनल्या, माज्या भावाचं मढं दावा, मंग हात लावा. शिमग्यापतूर ह्या दारात बसल्या हुत्या. तवा ह्ये कार्ड आलं.”

अंजनानं सांगितलं. राहीआत्या दुसरीकडं बघत होती, जणू भिंतीवर काही नवीन निघालं होतं.

लिनसाहेबांनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं. वाचता येत नव्हतं तरी वाचलं. परत देताना तेही दोन्ही हातांनी दिलं. मग ते आत गेले आणि आपल्या चामडी पिशवीतून एक पाकीट घेऊन आले. कोपरे झिजलेलं, वर तिकीट नाही.

हे पत्र त्यांच्या थोरल्या भावाला होतं. ते बेटावर आले तेव्हा बावीस वर्षांचे होते, भाऊ आईपाशी मागं राहिला. सत्तावीस वर्षांत एक ओळ नाही. बेटावरून तिकडं पत्र टाकणं गुन्हा, आणि बेटावरून आलेलं पत्र हातात सापडणं तिकडं त्याहून मोठा गुन्हा. म्हणून बाहेर कुठंही गेले की ते हे पाकीट बरोबर नेत. बँकॉकला एका हॉटेलवाल्याला विचारलं, कोलंबोला एका प्राध्यापकाला. दोघांनी चहा पाजला. टाकायला कुणीही टाकलं असतं, पण उत्तर यायचं तर त्यावर पत्ता हवा, बेटाचा नसलेला. कुणीतरी ते उत्तर घ्यायचं, दुसऱ्या पाकिटात घालायचं आणि पुढं धाडायचं. तो पत्ता कुणी दिला नव्हता. पत्रात बेटाचं नाव नाही, सरकारचं नाही, तीन ओळी आहेत. मी आहे. दोन मुलं आहेत. आई कधी गेली?

“गेली असंल ह्ये धरूनच चाललाय,” राहीआत्या पुटपुटली.

तिथं हिंगणवाडीच्या त्या अंगणात सगळं उलटंपालटं झालं. इतका वेळ पाहुण्यांच्या बाजूनं असलेले आबा झटक्यात म्हणाले, नाही, हे जमणार नाही. पाहुण्यांच्या विरोधात उठलेले नाना भिंत सोडून दोन पावलं पुढं आले. आणि आई, जी सकाळपासून कुठल्याच बाजूला नव्हती, ती आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

नानांनी वाकून त्या पाकिटाचे झिजलेले कोपरे पाहिले. मग म्हणाले, “माज्या नावानं न्हाई.”

कुणी विचारलं नव्हतं. पण ते सांगत राहिले, आणि हे त्यांनी घरात पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. कैदेतून सुटून आल्यावर त्यांना थेट घरी सोडलं नव्हतं. एका कँपात ठेवून आपल्याच माणसांनी विचारलं होतं, तिथं काय सांगितलंस, काय खाल्लंस, कुणाशी हसलास. रोज तेच. “चिन्यांनी इचारलं त्याचं काय वाटलं न्हाई. आपल्यांनी इचारलं त्याचं वाटलं. पेकिंगचं तिकीट लावल्यालं पाकीट माज्या नावानं आलं, तर फिरून सुरू हुईल. पेन्शन बंद हुईल. मी परत त्या खुर्चीवर बसनार न्हाई.”

चंद्राकाकीनं त्यांच्याकडं पाहिलं. चौदा वर्षं ती त्यांच्या झोपेतली नावं ऐकत आली होती, आणि हे मात्र तिलाही आजच कळत होतं. आत जाऊन तिनं नानांचं ताट आणलं, तसंच, भिजलेल्या भाकरीसकट, आणि सोप्यावर ठेवलं. शेजारी पाहुण्यांचं. नाना आले, बसले आणि जेवले. लिनसाहेबही जेवले. नानांनी एकदा मिठाचं भांडं पुढं सरकवलं, एवढंच.

---

दुपारी भाऊसो लिनसाहेबांना आपला ऊस दाखवायला घेऊन गेले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी बांधापर्यंत भाऊसो अखंड गोरखालीत बोलत होते. एकदा सुरू केलेलं थांबवायचं कसं हे त्यांना कळत नसावं.

माजघरात आबा आणि आई बसली होती. पाकीट आबांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. लिनसाहेबांनी जाताना ते आबांच्याच हातात दिलं होतं, विचार करा म्हणून. आबांचा विचार झालेला होता. सकाळी निघताना ते परत द्यायचं, हात जोडायचे, गुळाची ढेप बरोबर द्यायची. अंजना चौकटीत उभी होती. आबा तिच्याशी बोलत नव्हते, आईशी बोलत होते, पण आवाज चौकटीपर्यंत येईल असा.

ते म्हणत होते, मला काय दगडाचं काळीज आहे? पण कारखान्यात आधीच दोघं जण माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. पाहुणा घरी ठेवला हेच त्यांना पुरेसं आहे. वर पेकिंगचं टपाल यायला लागलं, तर चेअरमन मला ओळख दाखवणार नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, काही झालं तर पाहुणा तुमच्या घरचा. आई मान हलवत होती. ती म्हणाली, पोरीचं शिक्षण आहे, पुढं लग्न आहे. पोलीस पाटील दारात आले तरी सोयरे दहा हात लांब पळतात.

अंजनाला ते सगळं पटलं. वाईट हेच होतं. आबा भित्रे नव्हते, नाना दुष्ट नव्हते, आई कंजूस मनाची नव्हती. प्रत्येकाकडं चांगलं घसघशीत कारण होतं. बँकॉकच्या हॉटेलवाल्याकडं आणि कोलंबोच्या प्राध्यापकाकडंही असणार. अशी सगळ्यांची चांगली कारणं एकावर एक रचत गेलं की सत्तावीस वर्षं होतात.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की या घरात एकच माणूस असं आहे ज्याच्याकडं सरकारनं काढून घेण्यासारखं काही नाही. पेन्शन नाही, खुर्ची नाही, शेअर नाही. ते माणूस चौकटीत उभं होतं.

“आबा, त्ये पाकीट द्या.”

“कशाला?”

तिनं उत्तर न देता हात पुढं केला. आबांनी खिशावर हात ठेवला.

“आमच्या वर्गात बाई पत्रमैत्रीचे पत्ते वाटत्यात,” ती म्हणाली. “इंग्रजी सुधारावं म्हनून. मंगल जर्मनीतल्या पोरीला लिवती. शालू जपानला लिवती, तिला तिकडनं बाहुलीचं चित्र आलं. पोस्टमास्तरांना त्याचं कौतुक हाय, तिकिटं मागून घेत्यात. मला कुठलाच पत्ता मिळाला न्हाई, जर्मनी संपली हुती.”

“अंजे, त्ये जपान. ह्ये चीन हाय.”

“मंग? आपल्या सरकारनं तिकडं राजदूत धाडलाय ना? त्यानं जाऊन गळ्यात गळा घालायचा, आन मी दोन वळी लिवल्या तर गुन्हा? त्या मुलखाचं नाव घ्यायला तर बंदी न्हाई. बंदी बेटाच्या नावाला हाय, आन त्ये नाव पत्रात न्हाई, मी बी घालनार न्हाई. मी लिवनार, मी हिंगणवाडीची दहावीतली पोरगी, आमच्याकडं ऊस असतो, तुमच्याकडं काय असतं. आन मागं ह्यांचा कागद.”

“आन कुनी फोडलं तर?”

“फोडू द्या. वाचता यायला पायजे ना त्यास्नी.”

आईनं कपाळावर हात मारला. म्हणाली, हिला दुभाषी कुणी केली? आबांनी नजर वळवली, कारण त्यांनीच केली होती. बेणेमळ्यात चाळीस जणांपुढं तीच टाचा उंचावून उभी असताना मागच्या रांगेत त्यांची छाती फुगली होती, ते अंजनानं पाहिलेलं होतं.

“हे बघ,” आबा शेवटी म्हणाले, आवाज खाली आणून, “तुला कळत न्हाई असं मी म्हनत न्हाई. पर जबाबदारी माजी. तुजं नाव म्हंजी माजंच नाव. मधलं नाव कुनाचं लावतीस?”

“तुमचं. त्ये मी कसं बदलू?” ती क्षणभर थांबली. “पर चेअरमनसायबांनी तुमाला काय सांगितलं? की कारखान्याला म्हाईत नको. त्येंनी कारखाना वाचवला आन तुमाला म्होरं केलं. तुमी नानांना खोटं सांगून घर वाचवाय गेला, आन आज वाटणी व्हायची राहिली. मी खोटं सांगनार न्हाई. तुमाला म्हाईत असंल, आयला असंल, नानांना, काकीला, आत्याला बी. घरात समद्यांस्नी सांगून करनार.”

दारामागं बांगड्या वाजल्या. चंद्राकाकी तिथं कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. ती आत आली नाही आणि गेलीही नाही. आबांनी त्या आवाजाकडं एकदा पाहिलं. मग त्यांचा हात खिशावरून निघाला. पाकीट काढून त्यांनी दिलं नाही, पण हात काढला.

अंजना पुढं झाली. तिनं वाकून ते स्वतःच काढून घेतलं, पदरात नव्हे, छातीशी नव्हे, सरळ हातात धरलं, शाळेत प्रगतिपुस्तक धरतात तसं.

“आबा, आये, मी इचारत न्हाई, सांगती. उद्या शाळंला जाताना इस्लामपूरच्या पोस्टात मी ह्ये टाकनार. मागं लिवनार, कुमारी अंजना हंबीरराव जगदाळे, मुक्काम पोस्ट हिंगणवाडी, तालुका वाळवा. उत्तर आलं तर मीच फोडनार, मीच नव्या पाकिटात घालून लिनसायबांना धाडनार, आन न्हाई आलं तर दर महिन्याला फिरून लिवनार. माजं लगीन झालं तर सासरच्या पत्त्यावरनं लिवनार, तेवढं सोयऱ्यांना आधीच सांगून ठिवा. आन तुमाला कुनी वरनं इचाराय आलं, तर खोटं बोलायची गरज न्हाई. सांगा, पोरगी आमचं ऐकत न्हाई.”